१०×१० च्या खोलीसाठी पाच हजारांत स्पीकर : तानपुरा नीट ऐकू यायला हवा

खर्जातला_मी
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता अडलोय म्हणून धागा काढतोय.

पुण्यात नारायण पेठेत दोघांत मिळून खोली घेतलीय. दहा बाय दहा, वर स्लॅब साधारण साडेनऊ फुटांवर, खाली फरशी, एक खिडकी, दोन कॉट, एक टेबल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाणं शिकतोय, पट्टी काळी एक (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर माझा सा). रियाज फोनवरच्या तानपुऱ्यावर करतो आणि तिथंच घोडं पेंड खातंय. फोनच्या स्पीकरवर जोडीच्या तारा (मधल्या दोन, षड्जाच्या) कशाबशा कळतात, खर्ज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) नाहीच. आवाज वाढवला की चिरकतो. पार्टनरकडे एक ब्लूटूथ डबा आहे, त्यावर उलट नुसतं घूं घूं होतं, सूर कुठं लावायचा तेच समजत नाही.

बजेट पाच हजार, फारच पटलं तर सहा. रियाज, थोडं गाणं ऐकणं, कधीमधी लॅपटॉपवर सिनेमा. बाकी काही नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पेठी_पुणेकर
नारायण पेठेत रियाज म्हणजे आधी शेजारी ठरवा, स्पीकर नंतर. (ह. घ्या.)
मालक वर राहतात की खाली?

खर्जातला_मी
खाली. दुपारी चार ते सहा चालेल म्हणालेत. "गाणं म्हणा, पण ते धाडधाड नको."

सातारकर_७७
टू पॉइंट वन घे डोळे झाकून. एक वूफर (खालच्या सुरांचा मोठा डबा), दोन छोटे स्पीकर, रिमोट, एफएम, पेनड्राइव्ह सगळं येतं. तीन-साडेतीन हजारांत काम होतं. खर्ज पाहिजे म्हणतोस ना, मग वूफरशिवाय खर्ज येणार कुठून? आमच्या हॉस्टेलला होता तसला, गणपतीत अख्खा मजला नाचायचा.

निवांत_वाचक
+१. वूफर नसेल तर मजा नाही.

डेसिबल
सातारकर, राग मानू नका, पण अख्खा मजला नाचवायचा नाहीये. त्याला सूर ऐकायचाय. या खोलीत वूफर म्हणजे विकतचं दुखणं.

आधी खोलीचा हिशेब मांडू, कारण स्पीकर कुठलाही आणला तरी तो या खोलीतच वाजणार. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते, तो स्वर तिथे फुगतो आणि वाजवणं थांबवलं तरी रेंगाळतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, त्याला ३.०५ च्या दुपटीने, म्हणजे ६.१ ने भागा. आले ५६ हर्ट्झ. मग त्याची दुप्पट ११२, तिप्पट १६८. आता लांबी आणि रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही भिंतजोड्यांचे आकडे एकमेकांवरच पडतात. उंची साडेनऊ फूट, तिचा आकडा येतो ५९. म्हणजे तिन्ही मापं एकाच ठिकाणी गर्दी करतात. आयताकृती खोलीत हे आकडे पसरलेले असतात, त्यामुळे एवढं जाणवत नाही. चौरस खोली याबाबतीत सगळ्यात वाईट.

आता तानपुरा. काळी एकच्या पट्टीत जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झला, खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९.३ ला. पहिली तार पंचमात असेल तर मंद्र पंचम १०४ ला. हा पंचम ११२ च्या अगदी शेजारी आलाय बघ. त्यात छोट्या ब्लूटूथ डब्यांमध्ये बासचा भास व्हावा म्हणून साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास मुद्दाम उंचवटा दिलेला असतो. डब्याचा उंचवटा आणि खोलीचा उंचवटा एकत्र आले, तुझा पंचम सुजला, षड्ज त्याखाली दबला. तेच ते घूं घूं.

टू पॉइंट वनमध्ये आणखी एक गोम असते. स्वस्त सेटमधले छोटे स्पीकर खाली फारसे उतरतच नाहीत, त्यामुळे दीड-दोनशे हर्ट्झपर्यंतचं सगळं काम वूफरवर येतं. म्हणजे तुझा षड्ज टेबलाखालून आणि त्याचे वरचे स्वनक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे त्याच तारेतून निघणारे सूर) टेबलावरून. एकाच तारेचे दोन तुकडे. सिनेमातल्या स्फोटाला हे चालतं, तानपुऱ्याला नाही.

माझं मत : वूफर नको, रिमोट नको, दिवे तर नकोच. दोन बरे स्पीकर, बस्स.

मृण्मयी_ग
डेसिबल यांच्याशी सहमत, फक्त खर्जाबद्दल थोडं वेगळं.

मी गाणं शिकवते, त्या अनुभवावरून सांगते. तानपुऱ्याचा खर्ज आपण ऐकतो तो बराचसा जवारीतून. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की तारेतून स्वनकांचा झोत निघतो. नीट लावलेल्या खर्जात गांधार ऐकू येतो तो तिथूनच, पाचवा स्वनक तो. तेव्हा मुळातला ६९ हर्ट्झ स्पीकरने जसाच्या तसा दिला नाही तरी कानाला खर्ज कळतो. वरचे स्वनक मात्र स्वच्छ हवेत. चिरका स्पीकर ते फाडतो, बसका स्पीकर ते गिळतो.

म्हणून दुकानात जाताना ढणढण गाणी नेऊ नकोस. तुझ्या पट्टीतला तानपुरा लाव आणि खर्जाच्या तारेत गांधार सापडतो का बघ. सापडला तर स्पीकर कामाचा.

आणि बाळा, तानपुरा फार मोठ्याने लावून रियाज करू नये. स्वतःचा आवाज त्याच्या वर स्पष्ट ऐकू यायला हवा, नाहीतर बेसूर झालेलं कळतच नाही.

डेसिबल
ताई, अगदी बरोबर. ७०, १४०, २१०, २८० अशी रांग कानावर आली आणि त्यातला ७० गाळला, तरी मेंदू ७० चाच स्वर ऐकतो. टेलिफोनवर साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं काही जात नव्हतं, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटायचा, तो याच कारणाने.

खर्जातला_मी
ताई, आत्ताच हेडफोनवर करून बघितलं, गांधार सापडला! फोनवर नाही सापडत.

मग नक्की घेऊ काय? दुकानदार म्हणाला "हजार वॉटचा आहे, अठराशेला देतो".

जुना_बाजार
त्या हजार वॉटवाल्याला म्हणावं अॅडॉप्टर दाखव. अॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट गुणिले अँपिअर, झाला हिशेब. १२ व्होल्ट, १ अँपिअर असेल तर आत १२ वॉट येतायत. १२ आत घेऊन हजार बाहेर काढणारं यंत्र कुणी केलं असतं तर महावितरण बंद पडलं असतं. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा सरळ विसरायचा, आरएमएस (सलग मिळणारे वॉट) बघायचे. साधा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. आणि गंमत म्हणजे टेबलावर बसून ऐकायला तेवढेही पुरतात.

डेसिबल
पुरतात कसे तेही सांगतो. साध्या स्पीकरची संवेदनशीलता ८५-८६ डेसिबल असते, म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. टेबलावरचं अंतर त्याहून कमीच. रियाजाला सरासरी ६५-७० डेसिबल खूप झाले. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. तेव्हा २० चा घेऊ की ४० चा, यावर झोप घालवू नकोस.

बजेटनुसार माझ्या नजरेत तीन वाटा आहेत.

पहिली, क्रिएटिव्ह पेबल किंवा त्या जातीचे यूएसबीवर चालणारे छोटे गोळे. दोन-अडीच हजारांच्या घरात. शंकू (स्पीकरचा हलणारा पडदा) फक्त दोन इंची, पण वर ४५ अंशांत कलते आहेत, त्यामुळे टेबलावर ठेवले तरी आवाज छातीवर न येता कानावर येतो. षड्ज ठीक, खर्ज स्वनकांतूनच. जागा नाही, पैसे नाहीत, तर हेच.

दुसरी, चार इंची लाकडी खोक्याचे, आतच अॅम्प्लिफायर असलेले. एडिफायरचा आर१२८०टी या जातीतला : चार इंची वूफर (इथे खोक्यातलाच मोठा शंकू, वेगळा डबा नाही), रेशमी घुमटाचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर), ४२ वॉट आरएमएस, बाजूला बास-ट्रेबलच्या कळा. त्याचं बाससाठीचं हवेचं भोक पुढच्या बाजूला आहे हे तुझ्या खोलीत महत्त्वाचं, का ते पुढे सांगतो. नवा घेतलास तर बजेट ओलांडेल, कुणी हॉस्टेल सोडताना विकत असेल तर बसेल. प्रिसोनसच्या एरिस ३.५ सारखे स्टुडिओ मॉनिटर याच्याही वर जातात, तिकडे आत्ता बघूच नकोस.

तिसरी वाट जुना_बाजार यांच्या प्रांतातली, ती त्यांनीच सांगावी.

जुना_बाजार
सांगतो की, वाटच बघत होतो.

घरी माळ्यावर जुनी म्युझिक सिस्टीम पडलीय का? कॅसेट किंवा सीडीवाली, दोन सुटी खोकी असलेली? डेक मेला असेल, सीडी फिरत नसेल, पण खोकी बहुतेक वेळा जिवंत असतात. त्यांना जोडायला टीपीए३११६ या चिपचा छोटा अॅम्प्लिफायर घ्यायचा. तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला नुसता बोर्ड काही शेकड्यांत मिळतो, डबीत बसवलेला ब्लूटूथसकट हजार-दीड हजारात. ही चिप २६ व्होल्टपर्यंत चालते, म्हणून जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर तिला उत्तम. आठ ओहमच्या स्पीकरवर १२ व्होल्टला आठ-नऊ वॉट निघतात, १९ ला वीसच्या आसपास. बोर्डाच्या जाहिरातीत "५० अधिक ५०" लिहिलेलं असतं, ते २१ व्होल्ट आणि चार ओहमला.

खोकी घेताना बघायचं ते असं. जाळी काढ आणि शंकूच्या कडेचं रिंगण बघ. फोमचं असेल तर बोट लावल्यावर भुगा पडतो, रबराचं किंवा कापडाचं असेल तर वीस-तीस वर्षंही टिकतं. शंकू चार बोटांनी समान दाबून हलका आत ढकल, खरखर घासल्यासारखं लागलं तर कॉइल गेली, सोडून दे. मल्टिमीटर लावला तर आठ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवतो, ते बरोबर आहे, घाबरायचं नाही. काहीच दाखवलं नाही तर आत तार तुटलेली.

रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीस तर सुटी खोकीही दिसतील, पण तिथं वाजवून बघायची सोय नसते. मल्टिमीटर खिशात ठेव आणि भाव निम्म्यापासून सुरू कर.

सातारकर_७७
एवढा उपद्व्याप कोण करणार? पोरगं शिकायला आलंय का रेडिओ दुरुस्तीला?

जुना_बाजार
इंजिनिअरिंगला आहे ना, मग शिकायलाच आलंय.

अनामिक_प्रवासी
मध्येच तोंड घालतो. स्पीकरच कशाला? पाच हजारांत हेडफोन याच्या चौपट दर्जाचा मिळतो. खोली नाही, मालक नाही, पार्टनर नाही.

मृण्मयी_ग
ऐकायला हेडफोन उत्तम. गायला नाही. बंद कपाचा हेडफोन लावून गायलं की स्वतःचा आवाज हाडांतून घुमत येतो, माणूस एकतर ओरडतो नाहीतर पुटपुटतो. एक कान उघडा ठेवून गातात काहीजण, पण रोज तासभर तसं कोण बसणार? तानपुरा खोलीत वाजला पाहिजे आणि आवाज त्यात मिसळला पाहिजे.

हेमंतऋतू
मी स्टुटगार्टला विद्यार्थी वसतिगृहात राहते. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, भिंतीपलीकडचा लगेच टकटक करतो. पण एक निरीक्षण : तक्रार येते ती कायम बासची. बोलणं, गाणं भिंतीत अडतं, खालचे सूर आरपार जातात. वूफर न घेण्याला हेही कारण धरा.

पेठी_पुणेकर
आपल्याकडेही नियम तोच आहे हो, फक्त टकटक करायच्या ऐवजी खालून नावानं हाक मारतात. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा.

खर्जातला_मी
जुना_बाजार काका, घरी लातूरला माळ्यावर बाबांची जुनी सिस्टीम आहे! आईला फोटो पाठवायला सांगितलं. मागे "६ ओहम" लिहिलंय, रिंगण रबराचं दिसतंय. चालेल?

आणि डेसिबल दादा, ते भोक पुढे-मागे असण्याचं राहिलं.

जुना_बाजार
सहा ओहम धावेल. घेऊन ये. एसटीत मांडीवर आण, डिकीत टाकू नकोस.

डेसिबल
हा भाग नीट वाच, पैसे खर्च न करता सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

स्पीकरचा खालचा आवाज चहूबाजूंना जातो, मागेही. मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. शंकूपासून भिंत जितकी लांब, त्याच्या चौपट तरंगलांबीचा स्वर परत येताना बरोबर उलटा झालेला असतो आणि मूळ स्वराला खातो. पुस्तकात वाचशील की स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवा. दोन फूट म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर, चौपट केलं की २.४४ मीटर. ३४३ ला त्याने भाग. आले १४०. तुझा षड्ज १३८.६! म्हणजे नियम पाळलास तर नेमका षड्जच खाल्ला जाणार.

तेव्हा उलट कर. खोकी भिंतीला जवळजवळ चिकटव, शंकू भिंतीपासून वीस सेंटिमीटरच्या आसपास. मग तो खड्डा सव्वाचारशे हर्ट्झच्या वर सरकतो, आणि तिथे स्पीकरचा मागे जाणारा आवाज मुळातच कमी झालेला असतो. भिंतीमुळे एकूण बास वाढेल, तो अॅम्प्लिफायरच्या कळीने थोडा उतरव. भोक मागे असलेलं खोकं असं चिकटवता येत नाही, त्याला चार बोटं तरी मोकळी लागतात. म्हणून म्हटलं पुढचं भोक बरं. तुझ्या बाबांच्या खोक्यांचं मागे निघालं तर त्यात पायमोजा कोंब. खरंच. बास आटोक्यात येतो.

कोपऱ्यात मात्र कधीही ठेवू नकोस, तिथे खोलीचे सगळे उंचवटे एकदम जागे होतात. टेबल एका भिंतीच्या मध्यावर, दोन खोकी आणि तुझं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला. उंची कमी पडली तर खाली दोन वह्या. बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यभागी नको, तिथे ५६ चा स्वर जवळजवळ गायब असतो. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे तो सगळ्यात जास्त. मधलं काहीतरी शोध, एकदीड फूट पुढे-मागे सरकलास तरी फरक कळेल.

निवांत_वाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली). अंडी ठेवायचे ट्रे भिंतीला लावले तर आवाज सुधारतो असं ऐकलंय?

डेसिबल
झुरळं वाढतात. वरच्या सुरांवर थोडा परिणाम, बासवर शून्य. त्यापेक्षा फरशीवर सतरंजी, समोरच्या भिंतीला गोधडी, आणि कपड्यांची दोरी आहे तिथेच राहू दे. टाळी वाजवून बघा, पत्र्यासारखा झणझणाट ऐकू आला तर अजून एक गोधडी. कापूसही बासला पुरत नाही. तिथे विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे फुकटचं सॉफ्टवेअर बसवून ५६ आणि ११२ ला थोडं खाली दाबायचं. दाबायचंच फक्त. जिथे स्वर गायब आहे तिथे वाढवत बसलं तर नुसता अॅम्प्लिफायर तापतो.

सातारकर_७७
एवढं सगळं वाचून माझ्या वूफरची जागा बदलली. कोपऱ्यातून काढला. बरा वाटतोय साला.

खर्जातला_मी
मंडळी, खोकी आली, अॅम्प्लिफायर तापकीर गल्लीतून आणला, चार्जर पार्टनरच्या मेलेल्या लॅपटॉपचा. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. रियाजाला फोनवरून ब्लूटूथने जोडतो. आवाज थोडा उशिरा येतो म्हणतात, पण तानपुऱ्याला त्याचं काय?

दोन अडचणी आहेत. लॅपटॉप वायरने जोडला की घुर्र आवाज येतो, लॅपटॉपचा चार्जर काढला की जातो. आणि दुसरं, आवाज समोरून येण्याऐवजी डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो, खर्ज तर हवेतच विरतो. भिंतीपासूनचं अंतर बरोबर आहे, मोजलंय.

डेसिबल
उशिराचं बरोबर. तानपुरा, ठेका, कशालाही अडत नाही. कीबोर्ड वाजवायचा असेल किंवा सिनेमात ओठ आणि आवाज जुळत नसतील तर वायर लागते.

घुर्र म्हणजे अर्थिंगचा फेरा. दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेली की त्यांच्यातला छोटा प्रवाह ऑडिओच्या वायरीतून फिरतो. दोन्ही चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लाव. तरीही राहिला तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, दोन-चारशेची. काहीजण चार्जरची अर्थची पिन तोडायला सांगतील, ते अजिबात ऐकू नकोस.

जुना_बाजार
दुसरी अडचण तर सरळ आहे. एका खोक्याच्या तारा उलट्या लागल्यात. एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं मिळून खालचे सूर खाऊन टाकतात.

जुन्या वायरीवर लाल-काळं पुसलेलं असतं, तेव्हा असं कर. दोन्ही खोकी अॅम्प्लिफायरपासून सोडव. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घे, खोक्याच्या दोन तारा त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकव. टक् आवाज होईल. शंकू बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला होती ती तार अधिक, आत गेला तर उलट. अधिकच्या तारेला चिकटपट्टी लाव, दुसऱ्या खोक्यालाही तसंच. मग दोन्ही पट्ट्या लाल टर्मिनलला. सेल धरून ठेवू नकोस, नुसतं टेकवायचं.